मदत हवी आहे: स्वतःच्याच दुकानाच्या बोर्डाला 'विनापरवाना जाहिरात' म्हणून नोटीस आलीये

नमस्कार मंडळी, आधी जुने धागे शोधले पण सगळीकडे चौकातल्या मोठ्या होर्डिंगचीच चर्चा आहे, माझं प्रकरण छोटं आहे म्हणून नवा धागा काढतोय. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, त्याच ऑफिसात अजून दहा चकरा मारायच्यात.

भाऊ आणि मी मिळून इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान टाकलंय, गाळा भाड्याचा. बोर्ड करायचाच होता तेवढ्यात एका वायर कंपनीचा माणूस आला, म्हणाला बोर्ड आम्ही फुकट करून देतो, फक्त एका कोपऱ्यात आमचा लोगो राहील. बोर्ड लागला १४ बाय ३ फुटाचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त त्यांचा लाल लोगो, आमचं नाव उरलेल्या जागेत अंग चोरून बसलंय. फुकटचं म्हणून आम्हीही गप्प बसलो, खोटं कशाला बोलू. त्याशिवाय रस्त्याला काटकोनात, दोन्हीकडून दिसणारा एक छोटा लाइटचा बोर्ड लावला आणि फुटपाथवर एक स्टँडी. तीन आठवड्यांत नोटीस, सात दिवसांत खुलासा करा नाहीतर आम्ही काढू आणि काढायचा खर्च तुमच्याकडून घेऊ.

माझं म्हणणं असं की दुकानावर दुकानाचं नाव लावलं तर ती जाहिरात कशी? लाइनीतल्या सगळ्यांचेच बोर्ड आहेत. आणि गाळामालक तोंडी 'लावा की' म्हणतात पण लिहून द्या म्हटलं की विषय बदलतात. काय करू? दोन दिवस गेलेत.

प्रतिसाद १
सगळ्यात आधी लेखी खुलासा द्या आणि पोच घ्या. 'मुदत हवी आहे, अर्ज करतोय' एवढं जरी लिहिलं तरी चालेल पण गप्प बसू नका. लाइनीतल्या बाकीच्यांचं नाव तर अजिबात काढू नका, त्यांनाही नोटीस जाईल, तुमची काही रद्द होणार नाही, वर शेजाऱ्यांशी वैर.

आता मुख्य गोष्ट. फूट मोजण्याआधी बोर्ड कुणाचा आणि कुठे हे बघतात. आपल्या जागेवर आपलं नाव आणि आपला धंदा लिहिला तर तो नामफलक, त्याला बऱ्याच ठिकाणी सूट असते किंवा साधी परवानगी पुरते. दुसऱ्याचा माल किंवा दुसऱ्याचं नाव झळकलं की ती जाहिरात, तिची फी वेगळी, नियम वेगळे. तुमच्या बोर्डात लोगो दुकानापेक्षा मोठा आहे, म्हणजे कंपनीने स्वतःची जाहिरात तुमच्या भिंतीवर लावली आणि नोटीस तुमच्या नावावर आली. हा वाद जगभर आहे, अमेरिकेत तर जागेवरचा बोर्ड आणि जागेबाहेरचा बोर्ड यांना वेगळे नियम लावता येतात का यावर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला निकाल द्यावा लागला, लावता येतात म्हणाले.

प्रतिसाद २
बोर्ड बनवायचाच धंदा आहे म्हणून सांगतो. तुमचे तीन बोर्ड ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. स्टँडी आजच आत घ्या, फुटपाथ सार्वजनिक जागा, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. काटकोनातला बोर्ड भिंतीबाहेर येतो म्हणून त्याच्या खालून माणूस न वाकता जाईल एवढी उंची आणि किती बाहेर आलाय हे दोन्ही मोजतात. लाइट असेल तर नियम अजून कडक, लुकलुकणारी असेल तर विसराच. उदाहरण म्हणून सांगतो, इंग्लंडमध्ये २००७ च्या नियमांप्रमाणे दुकानाचा साधा बोर्ड वेगळ्या परवानगीशिवाय चालतो पण अक्षरं ७५ सेंटिमीटरच्या वर नकोत आणि बोर्ड जमिनीपासून ४.६ मीटरच्या वर जायला नको.

मोठा बोर्ड कशावर बसवलाय? नुसत्या विटांच्या भिंतीत साधे प्लग मारून लटकवला असेल तर परवानगी राहू द्या, आधी तो बघा. वजनापेक्षा वारा वाईट. सपाट पत्रा वाऱ्याला शिडासारखा अडतो. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरचं होर्डिंग पडून १७ माणसं गेली, ते वादळी वाऱ्यातच. तुमचा बोर्ड त्याच्यापुढे खेळणं आहे पण खाली माणसं उभी असतात हे तेच.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. स्टँडी आत घेतली. खुलासा दिला, पोच मिळाली. बोर्ड कशावर बसवलाय ते बघायला शिडी लावली तर चारपैकी एक बोल्ट हाताने फिरतोय!! कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणे परवानगी दुकानदाराने काढायची असते, आम्ही फक्त बोर्ड देतो.

प्रतिसाद ३
अवांतर: ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये २००७ पासून होर्डिंगच बंद आहेत, आणि दुकानाच्या नावाला किती जागा ते दर्शनी भागाच्या रुंदीवर ठरतं, १० मीटरपेक्षा कमी असेल तर फक्त दीड चौरस मीटर. धागाकर्त्याचा बोर्ड जवळपास चार भरेल.
अर्जाला लागतं ते असं: बोर्डाचं मापासकट ड्रॉइंग, समोरून काढलेला फोटो ज्यात बोर्ड कुठे येणार ते दाखवलंय, भाडेकरार, मालकाची सही. मालक घाबरतात ते आपल्या नावावर काही येईल म्हणून. एक परिच्छेद स्वतः टाइप करून न्या, 'परवाना, फी, दुरुस्ती आणि गाळा सोडताना भिंत पूर्ववत करणे ही जबाबदारी भाडेकरूची'. बहुतेक जण मग सही करतात.

धागाकर्ता
मालकांनी सही केली! तोच परिच्छेद नेला होता, दोनदा वाचला आणि 'आधीच आणायचा की' म्हणाले. मोठा बोर्ड उतरवलाय, पत्रा तोच ठेवून वरचं व्हिनाइल बदलतोय, लोगो पूर्ण काढला, भाऊ म्हणतो तळाशी छोटा राहू दे पण मी नाही म्हटलं.

आता एकच अडलंय. काटकोनातल्या बोर्डाची लाइट मी वायर काढून बंद केलीये, मग फॉर्मवर 'प्रकाशित' लिहू की 'अप्रकाशित'? दिवाळीच्या आत जोडायची इच्छा आहे, खोटं लिहून परत नोटीस नकोय.

प्रतिसाद २
प्रकाशित लिहा. आत एलईडी आहेत ते उघडून बघणाऱ्याला दिसणारच, आणि नंतर बदल कळवायचा म्हणजे पुन्हा तोच फॉर्म.