सिंगापूर: हॉकर सेंटरमध्ये (एका छताखालचे खाण्याचे स्टॉल) स्वस्तात पेरानाकन (चिनी-मलय मिश्र घराण्यांचं) जेवण, काय मागवावं?

प्रश्न: दोघे आहोत. पोर्क चालत नाही. काय घ्यावं?

उत्तर १: आयाम बुआ केलुआक. चिंचेच्या रश्श्यात चिकन आणि काळ्या बिया. कच्ची बी विषारी, म्हणून आधी उकळून राखेत पुरतात, मग कित्येक दिवस पाणी बदलत भिजवतात. खरी चव आतल्या काळ्या गरात. छोट्या चमच्याने कोरून भातात कालवा. बी तशीच ताटात सोडली तर पदार्थ खाल्लाच नाही!

उत्तर २: नावात ‘बाबी’ दिसलं की डुक्कर, म्हणजे बाबी पोंगतेह नको. चाप चाय कोबीची भाजी, पण तीत बहुधा सोडे किंवा पोर्कचं पाणी असतं. विचारूनच घ्या.

उत्तर ३: एक रस्सा, एक भाजी, दोन भात पुरतात. बाराच्या आत पोचा. टेबलावर टिशूचं पाकीट म्हणजे जागा धरलेली. ट्रे स्वतः परत ठेवा. २०२१ पासून सक्ती आहे.