कार्पेटवर बग्गी वळणात पलटी मारते, आधी काय बदलू?

ठाणेकर_बग्गी
नमस्कार मंडळी. गाडी रिमोट कंट्रोलची, १/१० मापाची, टू-व्हील ड्राइव्ह, मिड-मोटर, १७.५ टर्न ब्रशलेस मोटर, २एस (दोन सेलची) शॉर्टी म्हणजे आखूड बॅटरी. मातीवरचं सेटिंग जसंच्या तसं ठेवून बंदिस्त हॉलमधल्या कार्पेटवर उतरवली आहे. तीन अडचणी येतायत. लांब वळणात वेग जरा वाढला की आतली चाकं उचलतात आणि गाडी आडवी होते. उडीनंतर नाक आपटून परत उसळतं. आणि ५ मिनिटांच्या हीटनंतर (रेसच्या एका फेरीनंतर) मोटर ८८ अंश सेल्सिअस दाखवते.
राइड हाइट (चॅसिसची जमिनीपासून उंची) पुढे-मागे २२ मिमी. शॉकमध्ये पुढे ३० आणि मागे २७.५ वेट तेल (वेट म्हणजे तेलाचा दाटपणा). टायर मातीवरचेच, उंच ठोकळ्यांचे. स्पर (मोठा गिअर) ७२ दातांचा, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) ३० दातांचा, ट्रान्समिशनचा आतला रेशो २.६. हॉलला एसी नाही, नुसते पंखे. सगळं एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळणार नाही, म्हणून क्रम सांगा.

मिनीपिन_मुलुंड
पहिले टायर. ते बदलल्याशिवाय बाकी कशालाही हात लावू नका. मातीवरचा उंच ठोकळा कार्पेटवर आधी वाकतो, मग एकदम पकडतो, आणि त्या झटक्याने गाडी उलटते. मागे बारीक आखूड पिनांचे मिनीपिन लावा, पुढे कट स्टॅगर पद्धतीचे (हाही कार्पेटचाच टायर). पुढच्या टायरात फोम जरा कडक घ्या. मऊ फोमवर टायर रिमखाली दुमडतो आणि साइडवॉल जमिनीला लागते.

त्या साइडवॉलवरच खरं काम आहे. पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची बाजू आयसोप्रोपिलने पुसून कोरडी करा. पातळ सुपरग्लू घ्या आणि शेवटच्या पिनांच्या मुळापासून रिमच्या कडेपर्यंत ब्रशने पातळ थर द्या. पूर्ण वाळला की दुसरा थर. पिनांवर थेंबही जाता कामा नये, नाहीतर त्या जागी टायर घसरतो आणि स्टिअरिंग तुटक लागतं. वाळलेला ग्लू कडक आणि गुळगुळीत असतो, त्यामुळे टायर कलला तरी रबर कार्पेटला चावत नाही, सरकतं. थर तडकत जातो, म्हणून दर रेसच्या आधी बघा आणि गेला असेल तिथे परत लावा. एवढं करूनही पलटी राहिली तर मागच्या टायरांनाही तेच करा.

मग राइड हाइट. २२ मातीसाठी ठीक, कार्पेटवर १७ ते १८ मिमी. मोजताना बॅटरी, ट्रान्सपाँडर (लॅप मोजणारी चिप), बॉडी सगळं गाडीवर हवं. किचनच्या ओट्याचा ग्रॅनाइट सपाट असतो, तो चालतो. मागून साधारण १५ सेंमी उचलून सोडा, गाडी आपणहून बसू द्या, मग चॅसिसखाली मोजा. पुढेही तसंच. हाताने दाबून बसवली तर शॉकच्या घर्षणामुळे दर वेळी वेगळा आकडा येईल.

त्यानंतर ड्रूप, म्हणजे चॅसिस उचलताना चाकं जमीन सोडायच्या आधी सस्पेन्शन किती खाली उतरतं ते. मातीवर खड्ड्यांसाठी ते भरपूर ठेवतात. कार्पेटवर तेवढं ठेवलं तर वळणात आतली बाजू वर उठत राहते आणि वजन बाहेर जातं. शॉकच्या आत पिस्टनखाली पुढे १ मिमी आणि मागे २ मिमी स्पेसर टाकून सुरुवात करा. शॉक उघडणारच आहात, तेलही तेव्हाच बदला: पुढे ४०, मागे ३५ वेट, पिस्टन २ भोकांचे १.६ किंवा १.७ मिमीचे असतील असं धरून. नाकाची उसळी त्यानेच जाईल. परतीचं डॅम्पिंग कमी पडलं की स्प्रिंग गाडीला वर फेकते.

तेल घेताना बाटलीवर वेट लिहिलंय की सीएसटी (सेंटिस्टोक, दाटपणाचंच दुसरं माप) ते वाचा. ४० वेट साधारण ५०० सीएसटीला येतं, ३५ वेट ४२५ ला, ३० वेट ३५० ला. ४० सीएसटी असं काही भरलं तर ते पाणीच. हॉलला एसी नसेल तर मे महिन्यात आत ३४ अंश सहज होतात, आणि सिलिकॉन तेलही गरम झालं की पातळ पडतं. म्हणून घरी एसीच्या खोलीत बरोबर वाटलेला शॉक हॉलमध्ये मऊ लागतो. तेल भरायचं ते हॉलच्या तापमानाला.

पिनियन२८
वरचं सगळं बरोबर. मोटरचं मी सांगतो. मातीवर चाक थोडं फिरून सुटतं, त्यामुळे मोटरवरचा भार हलका होतो. कार्पेटवर चाक फिरत नाही, सगळा भार मोटरवर येतो. आत्ताचा तुमचा फायनल ड्राइव्ह रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे किती फेरे) ७२ भागिले ३० गुणिले २.६, म्हणजे ६.२४. पिनियन २८ लावलं की ६.६९ होतो. तेवढ्यानेही तापमान ७५ च्या खाली आलं नाही तर एंडबेलवरचा (मोटरच्या मागच्या झाकणावरचा) टायमिंग ५ अंशांनी कमी करा. दोन्ही बदल एका हीटमध्ये करू नका. तापमान गाडी आत येताच घ्या, इन्फ्रारेड गन मोटरच्या कॅनवर धरून. दोन मिनिटं गप्पा मारून घेतलेला आकडा काही कामाचा नाही.

पिनियन घेताना पिच (दातांचं माप) बघा. ४८ च्या स्परवर ६४ चं पिनियन बसल्यासारखं वाटतं आणि एका हीटमध्ये स्परचे दात खाऊन टाकतं. मेश (दोन गिअरांमधली फट) लावताना दोन्ही गिअरांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, पट्टी काढा. मग स्पर पूर्ण एक फेरा हाताने फिरवून बघा. स्पर थोडा जरी वाकडा असेल तरी एका जागी घट्ट लागतो, त्या घट्ट जागेवर मेश ठरवा.

डिफ (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरेन्शियल) गिअरचा आहे का? असेल तर ७००० सीएसटी तेलाने सुरू करा. त्याहून पातळ तेलावर वळणातून निघताना आतलं चाक मोकळं फिरतं, १०००० च्या पुढे गेलात तर थ्रॉटल देताच गाडी सरळ पळते. स्लिपर (जादा झटका आला की घसरणारा क्लच) १७.५ ला बरेच जण जवळजवळ पूर्ण घट्ट ठेवतात. सुटताना सर्र आवाज अर्ध्या मीटरपेक्षा जास्त यायला नको.

ठाणेकर_बग्गी
मनापासून आभार दोघांचे. टायर, ग्लू आणि १८ मिमी एवढंच केलं आणि लांब वळणात पलटी थांबली. २८ च्या पिनियनवर मोटर ७३. डिफ गिअरचाच आहे, आता ७००० टाकलंय. ड्रूप आणि तेल अजून बाकी. पण थ्रॉटल सोडून वळणात शिरलो की मागची बाजू फिरते. आणि हेअरपिनमध्ये कधीकधी अजूनही पलटी मारते, तीसुद्धा फक्त उजव्या वळणात. डावीकडे अजिबात नाही.

मिनीपिन_मुलुंड
मागची बाजू फिरते त्याला आधी रिमोट आणि ईएससीकडे (मोटरच्या स्पीड कंट्रोलरकडे) बघा, त्याला पाना लागत नाही. मातीवर ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक) किती होता? १० टक्के असेल तर ४ वर आणा. थ्रॉटल सोडताच मागची चाकं अडतात, वजन पुढे जातं आणि पुढच्या टायरांना आता चिकार ग्रिप आहे. स्टिअरिंगचा ड्युअल रेट (चाक किती वळू द्यायचं ते) ८० टक्क्यांवर आणून बघा. तरी राहिलं तर बॅटरी एक फोम ठोकळा मागे सरकवा, मागचं टो-इन (चाकांचं पुढचं टोक आत झुकवणं) ३ वरून ३.५ अंश करा. मागे कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) उणे १ ते १.५ अंश पुरे. अजून जास्त दिलात तर टायर आतल्या कडेवरच झिजतो.

बेअरिंग_६७००
फक्त उजवीकडे पलटी म्हणजे सेटिंग चुकलं नाही, गाडी दोन बाजूंना सारखी नाही. वजन समान आहे की नाही ते आधी बघा: चॅसिसच्या मधल्या रेषेवर, पुढे आणि मागे, एकेका टोकदार आधारावर गाडी टेकवा. एका बाजूला झुकली तर हलक्या बाजूला पितळी वजन. शॉर्टी बॅटरीच्या बाजूला बहुतेक जागा असते.

मग ट्वीक, म्हणजे गाडीला पीळ आहे का ते. गाडी ग्रॅनाइटवर ठेवा, पुढच्या टोकाखाली बरोबर मध्यावर कटरचं पातं घालून हळूहळू उचला आणि पुढची दोन चाकं बघा. एकाच क्षणी सुटली पाहिजेत. एक आधी सुटत असेल तर मागच्या शॉकच्या कॉलरमध्ये (स्प्रिंग वर-खाली करणाऱ्या कडीत) फरक आहे, कारण पुढचं उचललं की मागच्या बाजूचा तिरकेपणा पुढे दिसतो. मागून उचलून हेच परत करा. कॉलर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. कॅलिपरने मोजून कॉलर सारखे ठेवलेत म्हणून गाडी समान झाली असं धरू नका, चॅसिसच किंचित पिळलेला असू शकतो.

कॉलर सारखे असूनही फरक निघाला तर शॉक काढा, स्प्रिंगशिवाय दोन्ही पूर्ण दाबून सोडा. एकाचा दांडा जास्त बाहेर आला तर तेल किंवा हवा कमीजास्त आहे. भरताना काठापर्यंत तेल, पिस्टन ८-१० वेळा हळू वरखाली, मग १० मिनिटं उभा ठेवायचा. बुडबुडे वर आले की टोपण तिरकं टेकवून आवळायचं, जादा तेल बाजूने जाऊ द्यायचं. डावा-उजवा एकाच बैठकीत, एकाच बाटलीतून.

एक गोष्ट अजून. कार्पेटचे धागे पुढच्या चाकाच्या अॅक्सलला गुंडाळले जातात, बेअरिंगच्या मागे, बाहेरून दिसत नाहीत. उजवं चाक अडत असेल तर उजव्या वळणात वागणूक बदलणारच. चिमट्याने काढा. बेअरिंग खरखरत असेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला नंबर सांगून मागा: ५×१०×४ म्हणजे एमआर१०५ झेडझेड, १०×१५×४ म्हणजे ६७०० झेडझेड. पावसाळ्यात गाडी बॅगेत बंद ठेवली की ती आठवड्याभरात गंजतात, तेव्हा घरी गेल्यावर चाकं काढून प्रत्येक बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब द्या आणि बॅगेची चेन उघडी ठेवा. बॅटरी मात्र त्या बॅगेत नको, ३.८ व्होल्ट प्रति सेलवर आणून वेगळ्या लिपो बॅगेत (लिथियम बॅटरीसाठीच्या आग-रोधक पिशवीत).