परसातली काकडी: तुमचे अनुभव लिहा

रानवाट
बाजारात तवशाच्या, म्हणजे कोकणातल्या मोठ्या काकडीच्या, बियांच्या पुड्या दिसल्या आणि वेंगुर्ल्याच्या आजोळचा मांडव आठवला. मृगाचा पाऊस लागला की आजी शेणखत आणि राख कालवून आळी तयार करीत असे, आणि चतुर्थीला माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला, बांधण्याजोगे एक तरी तवसे घरचेच असले पाहिजे, असा तिचा आग्रह असे. ते देठासकट उतरवायचे असल्यामुळे तोवर त्या फळाला कोणी हात लावीत नसे. बाकीच्यांचे धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, होई. आपापल्या परसात, गच्चीत काकडी कशी येते, ते सविस्तर लिहावे.

निळी जास्वंद
आमची गच्ची पुण्यात, नवव्या मजल्यावर आहे. फुले भरपूर येतात, पण फळ धरत नाही, अशी तक्रार मला शेजारपाजारच्या अनेकींकडून ऐकू येते. काकडीच्या वेलीवर आधी नरफुलेच येतात, त्यामुळे सुरुवातीची फुले गळाली तरी घाबरण्याचे कारण नसते. मादीफुलाच्या मागे बोटाच्या पेरापेक्षाही लहान, लव असलेली काकडी आधीपासूनच दिसते. एवढ्या उंचीवर मधमाश्या क्वचितच येतात, म्हणून मी सकाळी लवकर ताजे नरफूल तोडते, त्याच्या पाकळ्या काढते आणि उरलेला पिवळा परागकोश मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवते. हे सकाळीच करावे, कारण फूल जेमतेम एक दिवस टिकते. पराग नीट पोचले नाहीत तर काकडी एका टोकाला बारीक आणि वाकडी होते.

माळकाम
वाकडेपणाला फळमाशीही कारणीभूत असते. कोवळ्या फळावर टाचणीच्या टोकाएवढी जखम आणि तिच्यावर डिंकाचा थेंब दिसला, तर माशीने आत अंडी घातली आहेत, असे समजावे. गंधाने माश्यांना ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्यात फक्त नर सापडतात, त्यामुळे दोनचार वेलींच्या बागेत निव्वळ सापळ्यावर विसंबून चालत नाही. फूल कोमेजताच फळाला कागदी पिशवी बांधणे हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो. किडकी फळे मात्र खताच्या ढिगात टाकू नयेत. त्यांतल्या अळ्या मातीत कोषात जातात आणि पुन्हा माश्या होऊन बाहेर येतात.

सुगरण
माळकामदादा, पावसात कागदी पिशवीत फळ कुजत नाही का?

माळकाम
ताई, भर पावसात कागद टिकत नाही. तेव्हा पातळ मलमलीची पिशवी बांधावी. तिच्यातून हवा खेळती राहते.

सुगरण
मनापासून आभार. आमच्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खात नाहीत, त्यामुळे त्या दिवशीच्या भाजीसाठी सासूबाई परसातलीच काकडी राखून ठेवतात. यंदा ती किडू नये, एवढीच इच्छा आहे.

उन्हाळी
कडूपणाविषयी कोणीच लिहिले नाही. मी सोलापूरची असल्याने हा विषय मला जवळचा आहे. वेलीला उन्हाचा ताण पडला, किंवा एक दिवस आळे कोरडे आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब अशी तिची अवस्था झाली, की फळात कुकरबिटासिन नावाचे कडू द्रव्य वाढते. ते देठाकडे आणि सालीखाली अधिक असते, म्हणून देठाकडचा भाग जरा जास्तच कापून टाकावा. आळ्यावर वाळलेल्या पाल्याचे जाड आच्छादन घालून रोज सकाळी मुळाशी बेताचे पाणी दिल्यापासून आमच्या काकड्यांची चव पुष्कळ सुधारली आहे. एखादी अतिशय कडू निघाली, तर ती खाऊ नये, पोटाला बाधते.

मांडवी
गोव्यात तळावलीच्या सेंट अ‍ॅन चर्चमध्ये जुलैच्या अखेरीस तवशांचे फेस्त भरते. मूल व्हावे म्हणून जोडपी तिथे तवशी अर्पण करतात. आमच्या शेजारच्या काकू दर वर्षी स्वतःच्या वेलीवरचेच तवसे पाठवतात.

दूरदेशी
आम्ही जर्मनीत राहतो. इथे मेच्या मध्यापर्यंत थंडीच्या लाटेची धास्ती असते, म्हणून रोपे खिडकीत वाढवून त्यानंतरच बाहेर लावावी लागतात. परागीभवनाशिवाय फळणाऱ्या जाती इथे सहज मिळतात. निळी जास्वंद, तशा जातीचे बी आपल्याकडे मिळाले, तर नवव्या मजल्यावर ती अवश्य लावून पाहावी.

बीजधर
बी धरायचे असल्यास एक निरोगी फळ वेलीवरच पूर्ण पिवळे होऊ द्यावे, पण तोपर्यंत नवी फळे कमी लागतात, हे ध्यानात ठेवावे. गरासकट बिया दोनेक दिवस भांड्यात आंबू द्याव्यात, म्हणजे त्यांच्यावरचे बुळबुळीत आवरण सुटते. नंतर त्या धुऊन सावलीत वाळवाव्यात. संकरित जातीचे बी धरू नये, कारण पुढची वेल मूळ वेलीसारखी निघेल, याचा भरवसा नसतो. हिमांगी किंवा पूना खिरा यांसारख्या सरळ जातींचे बी धरता येते. मात्र जवळपास दुसऱ्या जातीची काकडी असल्यास मादीफूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळीच बांधून ठेवावे आणि सकाळी त्याच जातीच्या नरफुलाने हाताने परागीभवन करून ते पुन्हा बांधावे.