कपाटामागच्या रेघा (अनुभव धागा)

मोगरा
दिवाळीआधी रंगकाम काढलंय. काल बेडरूममधलं कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर पेन्सिलच्या रेघा! सगळ्यात खालची कमरेच्या जरा वर, शेवटची डोक्याच्या वर. प्रत्येकीपुढे तारीख.

2017 साली डावा खांदा आखडला होता. वेणीसुद्धा लेक घालून द्यायची. योगवर्गातल्या ताई म्हणाल्या, "बोटांनी भिंत चढ. श्वास अडकला की थांब, तिथे खूण कर." मी आधी दात-ओठ खाऊन दोन इंच जास्त चढायचे आणि रात्रभर ठणका सोसायचे. हाताकडे बघणं सोडून श्वासाकडे बघायला लागले, तेव्हा कुठे रेघा वर सरकल्या. पुरे अकरा महिने लागले. रंगारी विचारतोय, घासू का? सांगितलं, तेवढा चौकोन राहू दे.

तुमचं दुखणं आणि तुमचा योग, दोन्हीबद्दल लिहा ना.

कण्हेर
दोन्ही गुडघे बदललेत, वज्रासन कायमचं बंद. मांडी घालता येत नाही म्हणून प्राणायामच सोडला होता, फार रडले त्या दिवसांत. आता खुर्चीत बसते, पायाखाली पाट. योगसूत्रांत पतंजलींनी 'स्थिरसुखमासनम्' म्हटलंय, म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, त्यात मांडीचा उल्लेख कुठेय?

दादरकर
कण्हेरताई, अगदी! आईला वाचून दाखवलं.

नदीकाठ
काचबिंदू असेल त्यांनी कृपा करून शीर्षासन करू नका. डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. मला वर्गात कुणी विचारलंच नव्हतं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी थांबवलं. आधी सांगा, मग सतरंजी पसरा.

पिंपळपान
माझा उजवा पाय पोलिओचा. शाळेत पीटीच्या तासाला मला दप्तरं सांभाळायला बसवायचे. चाळिशीत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, या पायाने काय होतं ते बघू. भिंतीला पाठ, शेजारी खुर्ची, असं ताडासन. दोन्ही तळव्यांवर वजन सारखं पडत नाही, पण कुठे किती पडतंय ते आता डोळे मिटून सांगता येतं. त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ गप्प बसलो होतो.

मोगरा
पिंपळपान, डोळे भरून आले हो.

शेवंती
योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजी लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय यातून गेले होते. आसनांना आधार म्हणून पट्टे, विटा, लोड, दोऱ्या हे सगळं त्यांना सुचलं ते त्यामुळेच असावं असं मला फार वाटतं. मला कंबरेच्या मणक्यातल्या गादीचा त्रास आहे, लोडावर पाठ टेकून पडते आणि पोट वरखाली होताना बघते. त्या दहा मिनिटांत कळ जात नाही, पण कळीशी भांडण थांबतं. बाकी कुकर झाल्यावर लिहिते.

दादरकर
लोड कुठून घेतला? आईसाठी हवाय. ऑनलाइन मागवलेला महिन्यात पोळीसारखा झाला.

शेवंती
फायबरचा असेल. गादीवाल्याकडून कापसाचा करून घ्या, गच्च भरायला सांगा. समोर उभं राहून भरून घ्या!

नदीकाठ
आणि खोळ चेन लावून शिवा, धुता येते.

कण्हेर
दादरकर, आईंची उंची किती? त्याप्रमाणे लांबी ठेवा, नाहीतर डोकं लोडाबाहेर लोंबतं आणि मान धरते. तेवढ्यापुरती घडीची चादर द्या मानेखाली.

दादरकर
पाच फूटसुद्धा नाही. उद्याच जातो.