नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, आणि मला सांगतात "विश्वास कमी पडतोय"

श्रीरामपूरची सून:
सगळ्यांना सलाम. यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. हातावर फिस्टुला केलाय, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडलीये. रात्री झोपायच्या आधी मी त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का ते बघते; लागली म्हणजे रक्त वाहतंय, मगच दिवा घालवते. पाणी बाटलीत मोजून. उन्हाळ्यात ते आणखी दोन घोट मागतात आणि मला नाही म्हणावं लागतं. तहानलेल्या माणसाला, तेही स्वतःच्या नवऱ्याला!

मागच्या प्रार्थनासभेला एक बाई आल्या होत्या. यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय. मशीनवर भरवसा ठेवता, देवावर ठेवून बघा." यांना मी हे सांगितलेलं नाही. पण तेव्हापासून प्रार्थनेला बसले की तोंडातून स्तुती निघत नाही, भांडणच निघतं. देवाचा असा राग येणं म्हणजे भरवसा उडाला का? आणि त्या बाई म्हणतात ते खरं असतं का?

राहुरीकर:
ताई, प्रार्थना करतोय. बायबलमधलं रोमकरांस 8:28 वाचा. जे होतं ते भल्यासाठीच.

निवृत्त बाई, अहिल्यानगर:
राहुरीकर, वचन खरंच आहे, पण आत्ता ते पुढे करू नका. बायबलमधल्या ईयोबावर दुःख कोसळलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

बाळ, आधी त्या बाईंचं बघू. प्रेषित पौलाच्या हातून कितीतरी लोक बरे झाले ना? तोच पौल आपल्या तरुण साथीदाराला, तीमथ्याला पत्रात लिहितो की सोबतीचा त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेत शहरात ठेवून आलो. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं एका अक्षराने लिहीत नाही. त्याचा दुसरा सोबती एपफ्रदीत तर मरता मरता वाचला. खुद्द तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय, म्हणजे त्या काळचं औषधच. आणि पौलाने स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी, म्हणजे छळणाऱ्या त्रासासाठी, देवाला तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा पुरेल एवढं उत्तर मिळालं. जन्मांध माणसाला बघून येशूच्या शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू म्हणाला, दोघांचंही नाही. त्या बाईंना हा योहानाचा नववा अध्याय वाचायला द्या.

आता भांडणाचं. तेरावं स्तोत्र काढ. दावीद सुरुवातीलाच देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? ते स्तोत्र निदान शेवटी गाण्यावर येतं. अठ्ठ्याऐंशीवं तर तेवढंही येत नाही, अंधारातच संपतं. माझे मालक अंथरुणाला खिळले होते तेव्हा मला तेच एक वाचता येत होतं. बाकीची गोड स्तोत्रं घशाखाली उतरत नव्हती. पण बघ, त्या माणसाने एवढी तक्रार केली ती कुणापाशी? रात्रंदिवस देवापाशीच. ज्याच्यावर भरवसा उरला नाही त्याच्याशी कोण इतकं भांडतं गं? आपण त्याच्याकडे पाठ फिरवून शेजारणीकडे रडतो तेव्हा मला काळजी वाटते. तू तर अजून त्याच्यासमोर बसतेस.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य डोळ्यांसमोर आण. आईवडील दुष्काळात गेले, मग बहीण, भाऊ, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. बायबलचं भाषांतर मात्र बाईंनी सोडलं नाही, आणि पुढच्याच वर्षी स्वतः गेल्या. इतकी माणसं हिरावली गेली ती विश्वास कमी पडला म्हणून, असं केडगावात, बाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जाऊन कुणी म्हणून दाखवावं!

स्तुती निघत नसेल तर ओढून आणू नकोस. रविवारी चर्चमध्ये मंडळी गाते ना, तिच्यात नुसती उभी राहा. तुझ्या वाटचं आम्ही गाऊ.

डायलिसिसवाली सिस्टर:
मीही विश्वासणारी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. कुणीही काहीही सांगितलं तरी एकही डायलिसिस चुकवू नका. दोन-तीन खाडे झाले की पोटॅशियम वाढतं, फुप्फुसात पाणी भरतं, जीव जाऊ शकतो. मी रोज मशीन लावताना मनात प्रार्थना करते. माझ्या लेखी ती दोन्ही कामं एकाच देवाची आहेत. तहानेसाठी बर्फाचा छोटा खडा चघळायला द्या, तोही पाण्याच्या हिशेबात धरा. जेवणातलं मीठ कमी केलंत तर तहानच कमी लागेल. थरथर लागली नाही तर सकाळची वाट बघू नका, लगेच युनिटला फोन करा. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, कागद केले नसतील तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

श्रीरामपूरची सून:
बाई, तुमचं उत्तर यांना वाचून दाखवलं, त्या बाईंचं बोलणंही शेवटी सांगून टाकलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "त्रफिमाचं पुढे काय झालं?" मी पत्राचा शेवट दोनदा वाचला, मला सापडलं नाही. कुठे लिहिलं असेल तर सांगा. सिस्टर, योजनेचे कागद झालेत, पण मिठाचं नीट विचारायचं आहे. भाकरीच्या पिठात घालते तेही बंद करू का?