आधी टीएसएच बघा
'मन खंबीर असलं की उदासी फिरकत नाही' असं म्हणतात, पण ते मला अर्धंच पटतं. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाई भर मे महिन्यात, शहर ४५ अंशांवर तापलेलं असताना, कूलर बंद करायला लावायच्या. सारखी झोप, केस गळणं, कशातच जीव रमत नाही. घरचे म्हणायचे, आळस भरलाय. रक्ताच्या तपासणीत टीएसएच, म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला चालना देणारं संप्रेरक, भलतंच वाढलेलं निघालं. थायरॉइड मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तिला कामाला लावायला टीएसएच वाढवते. थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या संप्रेरकाची) गोळी सकाळी उपाशीपोटी आणि चहा अर्ध्या तासाने (त्यांना हेच जड गेलं!). पुढची तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी.

बायपोलर या मनाच्या आजारासाठी लिथियम चालू असलेल्यांनी तर ही तपासणी चुकवूच नये, त्या औषधानेही थायरॉइड मंदावू शकते.