फ्रान्सची अणुवीज आन् आमची रात्रीची लाइन

ताडाळीकडचा कास्तकार:
काल इथं एकानं लिहिलं, फ्रान्समध्ये ईडीएफ नावाची एकच सरकारी कंपनी अणुभट्ट्याबी चालवते आन् धरणावरची वीजबी काढते. तसा अणुप्रकल्प विदर्भात आणला की पंपाले दिवसा लाइन भेटन. वाचून डोकं फिरलं. चंद्रपूरचं कोळशाचं वीजकेंद्र २९२० मेगावॅटचं हाय, त्याच्या चिमण्या माह्या वावरातून दिसतात. तरी या हप्त्यात माह्या फिडरले, म्हणजे पंपाइले वीज देणाऱ्या तारेले, लाइन रात्री दहाची! वीज बाजूले बनली म्हणून बाजूच्या विहिरीवर येत नाही, टॉवरच्या तारांतून डोक्यावरून जाते.

आन् भट्टी थंड ठेवाले पाणी कुठचं? उन्हाळ्यात फ्रान्सच्या रोन, गारोन या नद्या तापल्या की ईडीएफलेच भट्ट्या कमी चालवा लागतात. इथं २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणात पाणी नव्हतं म्हणून चंद्रपूरचे संच बंद ठेवा लागले. अणुभट्टीले कोणती नदी देता?

वर्ध्याचा इंजिनिअर:
ती पोस्ट माझी. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७४ मध्ये फ्रान्सनं अणुवीज मोठ्या प्रमाणावर उभारायचं ठरवलं. आज त्यांची साधारण दोन तृतीयांश वीज अणूची आहे. राख नाही, धूर नाही. तुमच्या कापसावर कोळशाची काळी धूळ बसते, त्यावर बोला की! पाणी कोळशालाही लागतंच.

ताडाळीकडचा कास्तकार:
फ्रान्समधल्या फ्लामानव्हिलची नवी अणुभट्टी २००७ मध्ये बांधायले घेतली, ग्रिडले जोडली डिसेंबर २०२४ मध्ये. सतरा वर्षं मी रात्री ओलित करू काय?

धरणग्रस्त लेक, भंडारा:
धरणाच्या विजेचं कौतुक करणाऱ्यांनी आल्प्समधलं तिन्य गाव आठवावं. ईडीएफच्या धरणासाठी १९५२ मध्ये ते बुडवलं, लोक घरं सोडेनात तर पोलीस आणले. आमचंही गाव धरणात गेलं. नव्या गावठाणात विहिरीला खारं पाणी लागलं. आई अजून जुन्या पाराजवळच्या चिंचेचं नाव काढते. 'स्वच्छ वीज' म्हणताना तिच्याकडं बघा.

गोंदियाचा धानकरी:
प्रकल्प राहू द्या जी, सोलर पंप बसवा. मी पाच एचपीचा बसवला. आता रात्री जागलीले जावं लागत नाही.

ताडाळीकडचा कास्तकार:
पैसे भरून वर्ष झालं, ठेकेदार फोन उचलत नाही.

गोंदियाचा धानकरी:
पाठपुरावा करा. ढगाळ दिवशी आमचाही पंप थांबते, उन्हाळी धानाले सकाळी नऊपर्यंत पाणी ओढत नाही, हे कबूल. पण जीव तर वाचते.

लाइनमनची पोरगी:
जिवाचं मी सांगते. माझ्या काकाला रात्री मोटर चालू करायला जाताना पऱ्हाटीत मण्यार चावली. दवाखाना तीस किलोमीटर. वाचले, पण पुन्हा वावरात रात्री गेले नाहीत. ओलिताची जमीन कोरडवाहू झाली. ज्यांनी कधी अंधारात स्टार्टर दाबला नाही, त्यांनी आम्हाला फ्रान्स दाखवू नये.

वर्ध्याचा इंजिनिअर:
हा वार व्यक्तिगत आहे. माझे आजोबाही कास्तकारच होते.

लाइनमनची पोरगी:
आजोबा होते. तुम्ही रात्री वावरात किती वेळा गेलात?

वर्ध्याचा इंजिनिअर:
एकदाही नाही. हे तुमचं बरोबर. पण वेळापत्रक अणूनं लावलेलं नाही, माणसांनी लावलंय. आणि २०२२ मध्ये पाइपांतल्या भेगा आणि देखभालीची कामं यांमुळे फ्रान्सच्या जवळपास निम्म्या भट्ट्या बंद होत्या, तेव्हा त्यांनी बाहेरून वीज घेतली, हेही माझ्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. तरी कोळशापेक्षा अणू बरा, हे मी सोडणार नाही.

ताडाळीकडचा कास्तकार:
वेळापत्रक माणसांनी लावलं, हेच तर मी म्हनतो! मग प्रकल्प काहून मांगता, दिवसाचा फिडर मांगा ना. धुळीचं मात्र खरं हाय, माह्या बायकोचा खोकला तीन वर्षांपासून जात नाही. दहा वाजत आले, लाइन येईन. हरभऱ्याले पाणी द्याचं हाय.